मागच्या खोलीतलं बटण

खोलीतून निघताना भिंतीवरची सगळी बटणं बंद करायची, ही माझी चाळीस वर्षांची सवय. खापरखेड्याच्या वीजकेंद्रात मी कारकून होतो. कोळशाच्या मालगाडीच्या वाघिणीमागून वाघिणी रिकाम्या होताना पाहिल्यावर रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा बघवत नाही. निवृत्तीनंतर महाल भागातल्या वाचनालयात जुन्या पुस्तकांची सूची करायला जाऊ लागलो, तेव्हा ही सवयही सोबत आली. मागच्या खोलीत मी, माझा कॉम्प्युटर आणि कूलर. भूक लागली की बोर्डावरची तिन्ही बटणं बंद करायची, मागच्या दाराने घरी जेवायला जायचं आणि चारला परतायचं. कधी दीड वाजता निघतो, कधी अडीचला. मागच्या दाराने कुणाशी बोलावं लागत नाही.

त्या गुरुवारी कूलरचं पाणी बोर्डाखाली सांडलं होतं. ओल्या फरशीवर उभं राहून बटणाला हात लावायची हिंमत होईना, म्हणून पहिल्यांदाच कॉम्प्युटर माउसने, रीतसर बंद करायला घेतला. पडद्यावर एक चौकट आली. अक्षरं दिसली की मी वाचतोच. या कॉम्प्युटरशी आणखी दोन कॉम्प्युटर जोडलेले आहेत, हा बंद केल्यास त्यांचं काम तुटेल, असं काहीसं लिहिलं होतं.

तीनदा वाचलं. बंद न करता चौकट घालवली आणि खुर्चीत बसून राहिलो.

ते दोन म्हणजे पुढच्या हॉलमधले. एकावर वंदना पुस्तकांची देवघेव नोंदवते, दुसरा वाचकांना पुस्तक शोधायला. दिवाळीत ते बसवले तेव्हा रितिका नावाच्या इंजिनीअर बाईंनी मला समजावलं होतं, की देवघेवीचा प्रोग्राम एकाच कॉम्प्युटरमध्ये आहे आणि बाकीचे दोन तारेतून तोच वापरतील. कुठल्या एकात, ते माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. पुन्हा विचारायची लाज वाटली, म्हणून मान डोलावली.

दिवाळीपासूनच वंदनाचा पडदा दुपारी गोठत होता आणि सकाळपासूनच्या नोंदी जात होत्या. परत केलेल्या पुस्तकांसाठी सभासदांना स्मरणपत्रं गेली. यमुताई नावाच्या एका सभासद बाईंना एकाच पुस्तकासाठी तीन. रितिका दोनदा तपासून गेल्या, पण त्या सकाळी अकराला यायच्या, तेव्हा सगळं ठीक असायचं. मग दोष वंदनाच्या हाताला लागला. आज तीन वाजता कार्यकारिणी बसणार होती, वंदनाला काढायचं की ठेवायचं ते ठरवायला. सकाळीच आमचे सचिव देवराव तिला सर्वांदेखत म्हणाले होते, "काहून वं वंदना, तुह्या कॉम्प्युटरलेच दुपारची झोप कशी लागते?"

"मले काय माहीत साहेब," ती म्हणाली होती. "मी तर जागीच असतो."

तेव्हा मी सूचीत डोकं खुपसून हसलो होतो.

जेवायला गेलो नाही. उठलो, पाणी प्यालो, बसलो, पुन्हा उठलो. बोलता येणार नाही हे माहीत होतं, म्हणून पत्र लिहायला घेतलं. पहिलं फार लांब झालं. दुसऱ्यात मी रितिकांना दोष देत होतो असं वाटलं. तिसऱ्यात 'अनवधानाने' हा शब्द घातला, खोडला, परत घातला. माझी समजूतच चुकीची असली तर? चौकटीतले दोन कॉम्प्युटर कुठले ते तिथे कुठे लिहिलं होतं? तीन वाजून गेले.

कागद घेऊन हॉलच्या दारात उभा राहिलो. देवराव आणि चौघे जण वंदनाच्या टेबलाभोवती खुर्च्या टाकून बसले होते. ती पडद्यावर काहीतरी दाखवत होती.

"या न मुकुंदराव, बसा," देवराव म्हणाले. "काही काम होतं काय?"

"नाही," मी म्हणालो.

का म्हणालो कोण जाणे. परत मागे आलो. हातातल्या कागदाची गुंडाळी झाली होती. हॉलमधून देवरावांचा आवाज येत होता, "पोरगी चांगली आहे, पण असं किती दिवस चालवायचं?"

फरशी अजून ओली होती. चप्पल घातली, हात पंच्याला पुसला आणि मधलं, कॉम्प्युटरचं बटण खाली केलं.

 हॉलमधून वंदनाचा आवाज आला, "गेलं. पाहा साहेब, मी हातही नाही लावला."

बटण वर केलं. सकाळपासूनच्या तिच्या नोंदीही गेल्या असणार, हे तेव्हा ध्यानात आलं. आता कागद पुरला नसता.

"मी केलं," मी म्हणालो. कुणाला ऐकू गेलं नाही. दारापर्यंत जाऊन पुन्हा म्हणालो, "ते मी केलं. रोज मीच करतो. प्रोग्राम माझ्याकडे आहे आणि मी बटण बंद करून जेवायला जातो."

देवरावांनी चष्मा काढला. "दिवाळीपासून?"

"हो."

"आणि आम्ही या पोरीले झोडपून राहिलो," ते म्हणाले आणि समोरचा ठरावाचा कागद दुमडून खिशात घातला. आणखी काही बोलले असते तर बरं झालं असतं.

वंदना माझ्या खोलीत आली. बोर्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "काका, एकदा तरी सांगायचं न. मले वाटलं माझं डोकंच फिरून राहिलं."

"सकाळच्या नोंदी गेल्या ना?"

"गेल्या. सदतीस."

"मी वाचून दाखवतो. तू लिही."

ती मला हॉलमधल्या तिच्या टेबलापाशी घेऊन गेली. मग सकाळच्या देवघेवीच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्यासमोर टाकला. "मोठ्यानं वाचा मग. तुमचं बोलणं कोणाले ऐकू येत नाही."

भर हॉलमध्ये बसून मी सदतीस क्रमांक मोठ्याने वाचले. वाचक माना वळवून पाहत होते.

मधल्या बटणावर आता चिकटपट्टी आहे. ती मीच लावली. तरी घरी निघाल्यावर चौकापर्यंत जातो आणि परत येतो, बटण सुरूच आहे ना ते बघायला. परवा दोनदा आलो.