तिला सांग

मास्तरांनी बायकोशी आठ वर्षं अबोला धरला होता. दोघांमधले निरोप पोचवायची ती मास्तरांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती भावाकडे राहायला आली होती. दिवसभर बाइंडिंगच्या कारखान्यात वह्या शिवायची आणि घरी आली की हे काम.

"ताई, तिला सांग, भाजीत मीठ कमी आहे."

'ती' समोरच वाढत उभी असायची.

कारण म्हणाल तर नखाएवढं. पाहुण्यांसमोर मास्तरांचं गणित चुकलं आणि बायको हसत बोलून गेली, "अहो, हातचा एक राहिला." तेवढ्यावरून मास्तरांची जीभ जी आखडली ती आखडलीच.

शेवटी भावजय माहेरी निघून गेली आणि छळाच्या कारणावरून तिने घटस्फोट मागितला. मास्तरांनी बहिणीला साक्षीला नेलं. "चार शब्द सांग, झालं," ते म्हणाले.

मास्तरांच्या वकिलाने विचारलं, "यांनी पत्नीवर कधी हात उगारला?"

"नाही."

"शिवीगाळ?"

"कधीच नाही."

वकील समाधानाने खाली बसला. मग भावजयीची वकीलबाई उठली. "यांच्या पत्नीचं मनगट मोडलं त्या दिवशी घरी कोण होतं?"

दवाखान्यात डॉक्टरांनी बहिणीला हेच विचारलं होतं आणि तेव्हा ती "कोणी नव्हतं" म्हणून मोकळी झाली होती. आता ती बोटांवर वाळलेली खळ खरवडत राहिली.

"भाऊ होता," ती म्हणाली. "ही न्हाणीघरात पडली, हाका मारत होती. तो बाहेरच्या खोलीत पेपर तपासत होता. दोन तासांनी मी कामावरून आले, तेव्हा मला म्हणाला, आत ती पडलीय, बघ."



न्यायाधीशांनी मास्तरांना विचारलं, "यांच्यासोबत पुन्हा नांदायची तयारी आहे?"

मास्तर वकिलाकडे झुकले. "तिला सांगा, मी तिला घराबाहेर काढलेलं नाही."

बायको चार हातांवर उभी होती. न्यायाधीशांनी एकदा तिच्याकडे, एकदा मास्तरांकडे बघितलं. मग त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

तीन महिन्यांनी निकाल लागला. छळ सिद्ध झाला होता, आणि या संसारात सांधण्यासारखं काही उरलेलं नाही, असंही निकालात म्हटलं होतं. बाहेर व्हरांड्यात बहिणीने भावजयीला गाठलं.

"मी आधीच बोलायला हवं होतं."

"हो," भावजय म्हणाली. "डॉक्टरांनी माझ्यासमोर विचारलं होतं तुम्हाला. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बहिणीला त्याला काही उत्तर तरी देता आलं असतं. भावजय वडिलांचा हात धरून जिना उतरून गेली.

मास्तर फाटकापाशी थांबले होते. बहीण दिसताच ते तोंड फिरवून चालू लागले. तिला त्यांच्यामागे जाववेना. कारखान्यातल्या मैत्रिणीने चार दिवस राहायला ये म्हटलं होतं. त्यानंतरचं तिने अजून काहीच ठरवलं नव्हतं.