दाबून धरायचं बटन

महिन्यात पाचव्यांदा मुबीन केजहून नांदूरघाटला विमलबाईंचं वॉशिंग मशीन बघायला आला. आधीच्या चारही खेपांना मशीन ठणठणीत निघालं होतं. पडद्यावर कुलपाचं चित्र, बाकी आजार काही नाही. कुलूप काढायचं, चहा प्यायचा, माघारी निघायचं. चहा मात्र दर खेपेला पातळ होत चालला होता.

या वेळी विमलबाई दारातच म्हणाल्या, "मुबीन बाबा, माझा रविराज रविवारी गाडी घिऊन येतोय. म्हणला, तुला चालवता येत न्हाई तर मशीन पुण्याला नेतो."

मोडून वाकडं बसलेलं मनगट त्यांनी पदराखाली घेतलं. हातानं चादरी पिळणं आता त्यांच्यानं होणार नव्हतं.

"काकू, बटनाला बोट नुसतं टेकवायचं. चारदा सांगितलं."

"तसंच करते की."

सांगून सांगून मुबीनचं तोंड दुखलं होतं. त्यानं कुलूप काढलं आणि पालथ्या बादलीवर बसला. "आज मी गप. तुमी करून दावा."

विमलबाईंनी कपडे टाकले, सुरू करायच्या खुणेवर अंगठा रोवला आणि कान देऊन उभ्या राहिल्या. एक, दोन, तीन. टुंग! कुलूप.

"इतका वेळ कावून दाबलं?"

"मग? मोटारीनं धरायला नको?"

मुबीननं कपाळावर हात मारला. या बाईनं तीस वर्षं विहिरीवरची मोटार चालवलेली. तिथं बटन दाबून धरायचं, मोटार घुमायला लागली की सोडायचं. मशीन बनवणाऱ्या शहाण्यानं नेमकं तेवढ्याच दाबाला कुलूप लावून ठेवलेलं, लहान पोरांनी खेळू नये म्हणून. या घरात पोर औषधालाही नव्हतं.

त्यानं पेटीतून मोटारीच्या जुन्या स्टार्टरचं हिरवं बटन काढलं, मशीनच्या बाजूला बसवलं, आतून तारा जोडल्या आणि मधे एक बारका कपॅसिटर घातला. आता कितीही वेळ दाबा, मशीनला एकच टिचकी पोचणार.

विमलबाईंनी दाबलं, तीन मोजले. आत पाणी पडू लागलं.

त्यांनी लगेच रविराजला फोनवर ते दाखवलं.

"आई, काय थोबाड केलंय मशीनचं! आता कंपनीचा माणूस हातसुद्धा लावणार नाही."

"आजवर कुठं लावलाता? तू येताना रिकामा ये, जाताना ज्वारी ने."

कपडे आपले आपण गरगरत होते. विमलबाई उंबऱ्यावर टेकल्या, मुबीन भिंतीला. दोघांनाही उठायचं जिवावर आलं होतं, आणि उठायचं कारणही नव्हतं.