पिवळ्या बुशाची कुईकुई

मित्रांनो, जळगावला भिकनभाऊंच्या कारखान्यात कधी गेलात, तर खिडकीत त्यांच्या चष्म्याच्या डबीशेजारी एक पिवळं, जाडजूड कडं पडलेलं दिसेल. मधोमध आरपार भोक आहे आणि एक बाजू जरा झिजलेली आहे. तोच मी. एका पाहुण्याने मला कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवलं होतं. मी काही रुसलो नाही. ज्याने उभं आयुष्य मोटारीच्या पोटाखाली काढलं, त्याला गादीवर बसणारे कुठून ओळखणार? माझं नाव बुश, आणि माझं काम मी चोख केलं आहे.

गाडीच्या मागच्या बाजूला लोखंडी पाट्यांची कमान असते. खड्डा आला की ती दबते, खड्डा गेला की पुन्हा वर येते. ही कमान जिथे गाडीला जोडलेली असते, तिथे एक जाड लोखंडी पिन असते. त्या पिनेच्या आणि कमानीच्या मध्ये मी बसतो. मी नसतो तर लोखंडावर लोखंड आदळलं असतं आणि वर बसलेल्यांचे दात वाजले असते.

पूर्वी या जागेवर रबराचे बुश असायचे. ते बिचारे आपल्या खानदेशातल्या रस्त्यांवर वर्षभरातच फाटून जायचे. भिकनभाऊ तेव्हा जळगावच्या एका पाइपच्या कारखान्यात नोकरीला होते. पॉलियुरेथेन नावाच्या, रबरासारख्या पण जास्त चिवट अशा नव्या मालाची त्यांनी तिथे माहिती काढली, आणि एक दिवस चांगली चालती नोकरी सोडून स्वतःचं छोटं शेड टाकलं. शिंदखेड्याचे त्यांचे भाऊबंद म्हणाले, भिकनचं डोकं फिरलं. त्यांची बायको कमलबाई मात्र पदर खोचून शेडमध्ये उभी राहिली. ती साचे तापवायची, भिकनभाऊ त्यात पातळ रस ओतायचे, आणि भट्टीतून आम्ही पिवळेधमक बाहेर पडायचो. फाटणं आम्हाला माहीतच नव्हतं. मला हातोड्याने ठोकून पाहिलं तेव्हा हातोडाच उडाला होता, हे मी आजही छाती फुगवून सांगतो.

आमची पहिली जोडणी झाली ती धुळ्याच्या रतिलालशेटच्या पांढऱ्या ॲम्बेसेडरला. लग्नसराईला भाड्याने देण्यासाठी त्यांच्याकडे बऱ्याच गाड्या होत्या. या एका गाडीत आम्ही टिकलो तर सगळ्या गाड्यांना आम्हीच, असं त्यांचं बोलणं झालं. भिकनभाऊंचा जीव त्या शब्दात अडकला होता. रतिलालशेटने होकार दिला की धुळ्यापासून पाचोऱ्यापर्यंतचे गाडीवाले आपोआप शेडवर येणार होते. त्यांनी आम्हाला काढून टाकलं तर शेडला कुलूप लावून पुन्हा पाइपच्या कारखान्यात जायचं, आणि तेही भाऊबंदांची थट्टा ऐकत.

आम्ही टिकलो. पण मित्रांनो, आम्ही ओरडू लागलो.

सुरुवातीला बारीक आवाज यायचा. मग प्रत्येक खड्ड्याला कुई, प्रत्येक वळणाला कुईकुई. गाडीचा ड्रायव्हर वना फार मायाळू माणूस होता. त्याच्याकडे कपाशीवर औषध मारायचा एक जुना पंप होता. त्यात तो इंजिनचं काळं झालेलं तेल आणि डिझेल भरायचा आणि दर शनिवारी गाडीखाली आडवा होऊन आम्हाला नखशिखांत भिजवायचा. आपल्याकडे पाट्यांना असं तेल पाजायची रीतच होती. मोठ्या गॅरेजमध्ये करायचे, म्हणून वनाही करायचा. तेल पडलं की आवाज बंद. वना खूश व्हायचा, बैलाच्या पाठीवर मारावी तशी गाडीवर थाप मारायचा. दोन दिवसांनी त्या चिकट तेलावर रस्त्याची धूळ बसायची, तिची काळी लापशी होऊन पिनेवर घासायची, आणि आम्ही आधीपेक्षा मोठ्याने ओरडायचो. मग वना आणखी तेल पाजायचा. इतक्या मायेने आमचे हाल दुसऱ्या कोणी केले नसते.

या आवाजाचा सगळ्यात जास्त राग आला तो रतिलालशेटच्या आईला. झुंबरबाई त्यांचं नाव. दिवाळीला जळगावहून लेकीला आणायला त्या या गाडीतून गेल्या, तेव्हा लेकीच्या सासरच्या गल्लीतली पोरं कुईकुई करत गाडीमागे धावली. व्याही ओट्यावर उभे राहून हसले. झुंबरबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी पोचल्यावर त्यांनी मुलाला ऐकवलं.

"माले नही बसनं या गाडीमा. बठ्ठी गल्ली हासस. आते मी यष्टीमाच जासू."

रतिलालशेट गाडी घेऊन थेट शेडवर आले. माणूस सज्जन होता, पण आईच्या पुढे जाणारा नव्हता.

"भिकनभाऊ, तुमना बुश मजबूत शेतस, मी नही म्हनत नही," ते म्हणाले. "पन ज्या गाडीमा मनी माय बसत नही, ती गाडी माले काय कामनी? आखाजीले बहीणले आनाले येसू. तवलोंग आवाज बंद करा. नहीते हाई काढीसन रबर बसाडी द्या."

भिकनभाऊंनी मान डोलावली आणि मोठा पाना घेतला. बुश ढिला असेल म्हणून वाजत असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी आमचे नट असे आवळले की माझा श्वास कोंडला. पिनेवर फिरायला जागाच उरली नाही. गाडी धुळ्याला पोचेपर्यंत आम्ही अख्खा रस्ता डोक्यावर घेतला. ज्याने मला घडवलं त्याच्याच हाताने हे व्हावं, याचं मला वाईट वाटलं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, आदल्या दिवशी सकाळी वना आणि रतिलालशेट गाडी घेऊन शेडवर आले. झुंबरबाई त्याआधीच एसटीने लेकीच्या घरी पोचल्या होत्या. भिकनभाऊंचा चेहरा उतरला होता. त्यांनी नवीन रबराचे बुश आणूनच ठेवले होते. जॅक लागला, चाक निघालं, नट सैल झाले. त्यांनी मला ओढून काढलं आणि फरशीवर ठेवलं. मी काळा कुळकुळीत झालो होतो. मला वाटलं, संपलं आपलं.

कमलबाई शेजारी साच्यांचं काम करत होती. तिने मला उचललं, पदराच्या टोकाने पुसलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"आयका ना. भट्टीमाईन काढतांना हाऊ बुश साचाले काबरं चिकटत नही?"

"आपन सिलिकॉन लावतस म्हनीसन," भिकनभाऊ त्रासून म्हणाले. "हाई काय इचारनं झायं?"

"साचा कसाना शे?"

"लोखंडना."

"आनि हाई पिन?"

भिकनभाऊंनी पाना खाली ठेवला आणि साच्यांशेजारच्या डब्याकडे पाहिलं. साच्यांना चोपडायचं ते पांढरट, तुळतुळीत सिलिकॉनचं ग्रीस शेडमध्ये डबा भरून पडलं होतं. रोज कमलबाईचे हात त्यात बरबटलेले असायचे. आम्ही लोखंडाला धरून बसू नये म्हणूनच तर ते होतं. भिकनभाऊंना आधी हसू आलं आणि मग त्यांचे डोळे भरले. त्यांनी रबराचे बुश पायाने बाजूला सारले.

मग माझी जी सेवा झाली, ती मी जन्मात विसरणार नाही. वनाने घासलेटने माझ्यावरची काळी लापशी धुतली. पिनेचा गंज पॉलिश पेपरने घासून ती आरशासारखी केली. सगळं कोरडं पुसलं. कमलबाईने माझ्या आत, बाहेर आणि दोन्ही तोंडांवर ते ग्रीस हलक्या बोटाने लावलं. गाडी चाकांवर उभी राहिल्यावर भिकनभाऊंनी नट बेताचा आवळला, मला फिरता येईल एवढा. वनाचा हात सवयीने पंपाकडे गेला तेव्हा कमलबाईने पंपच उचलून भिंतीपलीकडे ठेवला.

दुपारी गाडी लेकीच्या दारात गेली. भिकनभाऊही सोबत होते. झुंबरबाई गाठोडं घेऊन ओट्यावर उभ्या होत्या, पण त्यांचं तोंड एसटी स्टँडकडे होतं.

"माय, एरंडोललोंग बसा," भिकनभाऊ हात जोडून म्हणाले. "आवाज उना ते तठेच मी तुमले यष्टीमा बसाडी दिसू. मंग हाऊ बुश बी मी सोता काढी टाकसू."

झुंबरबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि लेकीचा हात धरून मागे बसल्या. गल्लीतली पोरं गाडीमागे धावायला तयार होती. गाडी निघाली आणि पोरं जागच्या जागी राहिली. नक्कल कशाची करणार?

गाव सुटलं आणि खड्डे सुरू झाले. कमान दबत होती, वर येत होती, आणि मी पिनेवर अलगद फिरत होतो. एवढं सुख मला आधी कधी मिळालं नव्हतं. पुढे वना आणि रतिलालशेटच्या शेजारी बसलेले भिकनभाऊ मात्र घामाघूम झाले होते. रतिलालशेट एक शब्द बोलत नव्हते. बरं नाही, वाईट नाही. वाटेतल्या एरंडोलचा स्टँड आला, वनाने वेग कमी केला. भिकनभाऊ काही बोलणार, तोच रतिलालशेटने ओठांवर बोट ठेवलं आणि पुढे चल अशी खूण केली. पारोळा गेलं तरी तेच. भिकनभाऊंना काही उमगेना. मागे वळून पाहायचीही त्यांची हिंमत झाली नाही.

धुळ्याला घराच्या दारात गाडी थांबली तेव्हा झुंबरबाईंनी लेकीच्या खांद्यावरचं डोकं उचललं, डोळे चोळले आणि लुगड्याचा पदर सारखा केला.

"काबरं थांबना रे वना?" त्या म्हणाल्या. "एरंडोल उनं का?"

मित्रांनो, त्या दिवसानंतर रतिलालशेटच्या प्रत्येक गाडीखाली माझे भाऊ बसले, आणि शेडचा कारखाना झाला. माझी तुम्हाला एकच विनंती आहे. गाडी असो, दार असो की घरातलं माणूस, कोणी किरकिरत असेल तर त्याचं तोंड बंद करण्यासाठी वरून तेल ओतू नका, की त्याला आणखी आवळू नका. जवळ घेऊन पुसा आणि त्याचं नेमकं कुठे घासतंय ते पाहा. माझ्यासाठी कमलबाईने तेवढंच केलं होतं.