दोनशे चौदा नंबरचा खिळा

"हा मधल्या रांगेतला चौथा कोण, सांग बरं?" टर्नरने तसबिरीच्या काचेवर बोट टेकवलं.

"बोट काढ आधी. डाग पडतो," भांडारपाल म्हणाले. खिशातलं फडकं काढून त्यांनी काच पुसली, फडक्याची चौघडी घालून ते पुन्हा खिशात ठेवलं आणि मगच चष्मा नाकावर सरकवला.

फोटो फिटिंग खात्याचा होता. तीन रांगांत बावीस माणसं. एकवीस जणांचे चेहरे इतके स्वच्छ, की कोणाची दाढी त्या सकाळी झाली नव्हती तेही सांगता यावं. मधल्या रांगेतल्या चौथ्या माणसाचं अंग मात्र गळ्यापर्यंतच होतं. सदऱ्याची बटणं दिसत होती, पोटाशी धरलेला रुंद पंजाही दिसत होता. पण चेहऱ्याच्या जागी, ओल्या चित्रावरून कोणी अंगठा फिरवावा तसा, नुसता करडा फराटा होता.

"फिटर. दोनशे चौदा."

"आणि त्याचं तोंड कोणी खाल्लं?"

भांडारपालांनी तसबीर उचलून भिंतीला लावली आणि पाणसळ धरून तिची वरची कड तपासली.

"मी सांगतो," टर्नर म्हणाला. "फोटोवाला म्हणाला, कोणी हलू नका. सगळे श्वास कोंडून उभे. आणि स्टोअरच्या खिडकीतून आपले साहेब ओरडले, दोनशे चौदा, मायक्रोमीटर जमा करा! बिचाऱ्याने मान वळवली, आणि गेला फोटोतून."

"पाळी संपून दहा मिनिटं झाली होती."

"अरे, फोटो निघत होता."

"फोटोच्या दिवशी नियम वेगळा नव्हता."

टर्नर खोकला येईपर्यंत हसला. हा किस्सा तो गेली कित्येक वर्षं सांगत आला होता आणि दर वेळी एकटाच हसत आला होता.

कारखाना बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. यंत्रं वजनावर गेली, छपरांचे पत्रे गेले, धुराडं एका दुपारी आडवं झालं. उरली ती फाटकाजवळची टाइम ऑफिसची बैठी इमारत. तिथल्या दोन खोल्या नगरपालिकेने जुन्या कामगारांच्या मंडळाला दिल्या, जुने फोटो आणि हातहत्यारं जपून ठेवण्यासाठी. हे काम कोणाकडे द्यायचं यावर मंडळात चर्चाच झाली नाही. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन जो माणूस चौतीस वर्षं हत्यारांच्या स्टोअरमध्ये बसला आणि ज्याच्या हातून एक साधा पानाही कधी हरवला नाही, त्याच्याशिवाय दुसरं नाव घेण्यासारखं नव्हतंच.

कारखान्यात हत्यार देण्याची रीत सोपी होती. प्रत्येक कामगाराला त्याच्या नंबरचा पितळी बिल्ला मिळे. स्टोअरमधून हत्यार न्यायचं, तर त्याच्या रिकाम्या खिळ्यावर आपला बिल्ला टांगायचा. हत्यार परत आणलं की बिल्ला परत. भिंतीकडे एक नजर टाकली की कोणतं हत्यार कोणाकडे आहे ते कळत असे. भांडारपालांचाही स्वतःचा बिल्ला होता, तीन नंबरचा. तो खिळ्यावर कधीच गेला नव्हता, कारण स्वतःसाठी त्यांनी स्टोअरमधून कधी काही नेलं नव्हतं.

इथे त्यांनी तीच रीत उलटी लावली. कारखान्याचे बिल्ले त्यांनी भंगारातून सोडवून ठेवले होते. घरचं माणूस हत्यार घेऊन आलं, की ज्याचं हत्यार त्याच्या नंबरचा बिल्ला भांडारपाल घरच्यांच्या हाती ठेवत. हत्यार कधीही परत हवं असलं, तर बिल्ला आणावा. सहा महिन्यांत एकशे त्रेचाळीस हत्यारं जमली. काळ्या फळ्यांवर त्यांनी प्रत्येक हत्याराची पांढरी बाह्यरेषा आखली, वर खिळा ठोकला, खाली कार्ड लावलं.

मात्र आलेलं हत्यार जसंच्या तसं टांगणं त्यांच्या हाताला जमलं नाही. गंज काढल्याशिवाय आणि तेलाचा हात फिरवल्याशिवाय त्यांच्या स्टोअरमध्ये काही लागत नसे. शिवाय फुटक्या मुठीचं हत्यार आत घ्यायचंच नाही, हा नियम त्यांनी पुस्तकात वाचला नव्हता; फुटलेल्या मुठीतून कानशीचं शेपूट, म्हणजे मुठीत बसणारं अणकुचीदार टोक, एका ड्रिलरच्या तळव्यातून आरपार गेलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून या सहा महिन्यांत त्यांनी एकूण एक फुटकी मूठ बदलली. टर्नरने घरच्या छोट्या लेथवर नव्या मुठी कातून दिल्या.

सकाळी अकराला उद्घाटन झालं. नगराध्यक्षांनी फीत कापली, दोन शब्द म्हणून वीस मिनिटं भाषण केलं आणि हातोड्यांच्या फळीसमोर उभं राहून फोटो काढून घेतला. मग घरोघरची माणसं आली. "हे आमच्या अण्णांचं," म्हणत खाली वाकून कार्डं वाचत राहिली. चारच्या सुमाराला गर्दी पांगली, तेव्हा दारात फिटरची बायको उभी होती. फिटरला जाऊन तीन वर्षं झाली होती.

"या वहिनी. आम्हांला वाटलं, येत नाही तुम्ही."

"लोक जाऊ दिले, भावजी. गुडघे आधीच कुरकुरतात, त्यांत धक्के कुठे खाऊ?" तिने खोलीभर नजर फिरवली. "अगदी स्टोअरच केलंत की इथे. हे सांगायचे तसंच."

टर्नरने तिला फोटोपाशी नेलं. तिला चौथा माणूस शोधावा लागला नाही. तिने सरळ त्या फराट्यावर बोट ठेवलं. भांडारपालांचा हात खिशातल्या फडक्याकडे गेला आणि तिथेच थांबला.

"इथेही यांचं लक्ष दुसरीकडेच," ती म्हणाली. "कोणीतरी हाक मारली असणार. हाक आली की वळायचेच. घास तोंडात असला तरी."

टर्नरने भांडारपालांकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली. हा किस्सा त्याने आता सांगितला नाही.

"घरी दुसरा एखादा फोटो असेल ना?" भांडारपालांनी विचारलं. "प्रत काढून शेजारी लावतो."

"कुठला हो? लग्नात कोणाला सुचलं नाही आणि पुढे राहूनच गेलं. गेटपासवर एक होता, नखाएवढा. कारखाना बंद झाला तेव्हा पास जमा करून घेतले." तिने हातरुमालाची गाठ सोडली. आत पितळेचा बिल्ला होता, घासून लखलखीत केलेला. तो तिने टेबलावर ठेवला. "ते असू द्या. मी तुमच्या नियमाने आलेय. हा घ्या बिल्ला, आणि यांचं ते हत्यार पाच मिनिटं माझ्या हातात द्या. मग टांगा परत."

ते हत्यार म्हणजे स्क्रेपर. जुनी कानस घासून तिला धार काढायची आणि यंत्राच्या पाटावरचे, डोळ्यांना न दिसणारे उंचवटे तिने खरवडून काढायचे. अंगठा मुठीवर एकाच जागी दाबून, तासन् तास, केसाच्या जाडीचा फरक जाईपर्यंत. दोनशे चौदाने खरवडलेला पाट पुन्हा तपासावा लागत नसे.

भांडारपालांनी स्क्रेपर खिळ्यावरून दोन्ही हातांनी उतरवला. पातं आरशासारखं होतं. मूठ नवी, पिवळसर, घट्ट बसवलेली. बोट ठेवायला जागा नव्हती. आपण तो काहीशा अभिमानानेच पुढे केला, हे त्यांना नंतर पुष्कळ दिवस आठवत राहणार होतं.

तिने खुर्चीवर बसून स्क्रेपर घेतला. अंगठा मुठीवर ठेवला, जरा सरकवला, मूठ फिरवून पुन्हा ठेवला.

"हे नव्हे."

"तेच आहे वहिनी. पात्यावर नंबर पाहा."

"पातं असेल. मूठ कुठाय?"

भांडारपालांनी खिळ्याखालच्या कार्डाकडे बोट दाखवलं.

"त्या मुठीवर एक खळगा होता," ती सावकाश म्हणाली, जणू एखाद्या वाटसरूला घराची खूण सांगावी. "अंगठ्याचा. माझा अंगठा अख्खा बुडायचा त्यात, एवढा यांचा मोठा. सकाळी चहा ठेवला की उकळी येईपर्यंत मी ते धरून बसायचे. दुसरं काही नाही. नुसतं धरायचं."

"मग वहिनी, दिलंत कशाला?" टर्नर न राहवून म्हणाला.

"माझ्यामागे ते कोण ओळखणार? मुलगी चांगली आहे, पण तिला ते लोखंडच. भंगारात गेलं असतं." तिने भांडारपालांकडे पाहिलं. "हे म्हणायचे, जगात कुठेही काही हरवेल, पण स्टोअरमध्ये हरवणार नाही. म्हणून इथे दिलं."

चार महिन्यांपूर्वीची ती दुपार भांडारपालांना शब्दन् शब्द आठवली. हत्यार टेबलावर ठेवताना ती म्हणाली होती, "मूठ जरा फुटलीय भावजी, पण असू द्या." यातला पहिला अर्धा भाग त्यांनी कार्डावर लिहून घेतला होता. दुसरा त्यांच्या कानांवरून गेला होता. खळगाही त्यांना दिसला होता. मूठ एका बाजूने झिजली आहे, एवढाच त्याचा अर्थ त्यांनी लावला होता.

"मूठ फुटली होती. नियमाप्रमाणे बदलली," ते म्हणाले, आणि स्वतःचाच आवाज त्यांना स्टोअरच्या खिडकीतून आल्यासारखा वाटला.

"आणि जुनी?"

"असेल इथेच कुठे पेटीत," टर्नर घाईने म्हणाला. "नवी मी कातली. जुनी आम्ही शोधतो. उद्या मी स्वतः घरी आणून..."

"नाही," भांडारपाल म्हणाले. "ती पेटीत नाही." त्यांनी चष्मा काढला आणि हातात धरून ठेवला. "लाकूड जुनं होतं, मुरलेलं. असं लाकूड आता मिळत नाही. हातोड्यांचे दांडे सैल झाले होते, त्यांना पाचरी हव्या होत्या. मी त्या मुठीच्या पाचरी केल्या."

"किती?"

"अकरा."

टर्नर खिडकीशी जाऊन बाहेरच्या मोकळ्या मैदानाकडे बघत राहिला. तिने मात्र स्क्रेपर टेबलावर ठेवला, गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि हातोड्यांच्या फळीसमोर जाऊन उभी राहिली.

"कुठल्या यांतल्या?"

भांडारपालांनी एक हातोडी काढून आडवी धरली. लोखंडाच्या भोकातून दांड्याचं टोक दिसत होतं, आणि त्याच्या बरोबर मधोमध नखाएवढ्या रुंदीची एक काळपट रेघ. घामाने आणि तेलाने तीस वर्षांत काळं झालेलं लाकूड. तिने त्यावरून अंगठा फिरवला. बोटाला काही लागत नव्हतं. पाचर ठोकल्यावर भांडारपालांनी ती कानशीने सपाट करून घेतली होती.

"चांगली बसलीय," ती म्हणाली.

ते ऐकून भांडारपालांना शिवी खाल्ल्यापेक्षा वाईट वाटलं. दुसरी हातोडी त्यांनी काढली, तिसरी काढली. चौथीला तिने मान हलवून नको म्हटलं.

"वहिनी, आणखी एक," ते म्हणाले. "त्या फोटोच्या वेळी हाक मारली ती मी. त्यांच्याकडे मायक्रोमीटर राहिला होता."

ती फोटोकडे वळली.

"मिळाला का मग?"

"मिळाला. तेव्हाच आणून दिला."

"बरं झालं," ती म्हणाली. त्यात टोमणा होता की नाही, हे भांडारपालांना कळलं नाही.

तिने टेबलावरचा बिल्ला उचलला, पुन्हा रुमालात ठेवला आणि दोनदा गाठ मारली. "हा माझ्याकडेच राहू दे, भावजी. हत्यार परत मिळालं नाही ना अजून." दारापर्यंत गेल्यावर ती टर्नरला म्हणाली, "तुमची मूठही चांगली झालीय हो. तुमचा काही दोष नाही." आणि पायऱ्या एकेक करून, कठड्याला धरून, उतरली.

टर्नर म्हणाला, "मी वहिनींना कोपऱ्यापर्यंत सोडून येतो." पण तो गेला नाही.

भांडारपालांनी स्क्रेपर टेबलाच्या कडेशी धरला आणि लाकडी हातोड्याचे दोन हलके ठोके देऊन नवी मूठ सोडवली. उघड्या शेपटाचं ते पातं त्यांनी तसंच खिळ्यावर टांगलं. मुठीविना हत्यार त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच टांगलं होतं. पांढऱ्या रेषेतली मुठीची जागा आता काळी, रिकामी दिसत होती. मग त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यातून तीन नंबरचा बिल्ला सोडवला आणि त्याच खिळ्यावर अडकवला. कार्ड उतरवून, आराखड्यांवर लिहावं तशा सरळ, सारख्या अक्षरांत त्यांनी खाली एक ओळ घातली : मूठ भांडारपालाने नेली. परत नाही.

टर्नरने ती ओळ वाचली.

पाच वाजले. खिडक्या लावून झाल्या, आतल्या खोलीचा दिवा मालवला. बाहेर पडताना टर्नर फोटोपाशी थांबला. मधल्या रांगेत, त्या करड्या फराट्यावर, बोटाचा एक स्पष्ट ठसा उमटला होता.

"काचेवर डाग पडलाय रे. पुसू?"

भांडारपालांनी खिशातलं फडकं चाचपलं.

"असू दे," ते म्हणाले, आणि त्यांनी दार ओढून घेतलं.