पातळ पत्रा

रॅल्फ एल्डरला जहाज जोडता येत होतं, मोटार येत नव्हती. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, भर गल्लीत, बायकोच्या देखत हे कळावं, म्हणजे अगदी तोंडात मारल्यासारखंच झालं त्याला.

संडरलंडला विअर नदीच्या काठी एकतीस वर्षं त्यानं जहाजांचे तळ वेल्ड केले. त्यानं घातलेल्या टाक्यांवर तरंगणारी जहाजं कुठेकुठे फिरत होती, त्याचा त्यालाही पत्ता नव्हता. मग मागच्या डिसेंबरात गोदी बंद झाली. एप्रिल आला, तरी रॅल्फ सकाळी सहाला उठून बूट घालायचा आणि मग बूट घालून स्वयंपाकघरात बसायचा. असला माणूस घरात असणं म्हणजे काय, ते मॅव्हिसला विचारा.

मॅव्हिस त्याची बायको. नगरपालिकेचं काम तिला मिळालं होतं. डोंगरावरच्या नऊ खेड्यांत एकटी राहणारी म्हातारी माणसं होती, त्यांना अंघोळ घालायची, खायला करून द्यायचं, औषधं द्यायची. काम तिच्या मनासारखं होतं, पण अट एकच होती. त्या खेड्यांना बस दिवसातून दोनदा, म्हणून स्वतःची गाडी हवी आणि गाडीच्या वार्षिक तपासणीचा कागद सोमवारी सकाळी टेबलावर हवा. नसला तर यादीतली दुसरी बाई तयारच होती.

गाडी होती. मॅव्हिसच्या मावशीची जुनी मॉरिस, समुद्राकाठच्या शेडमध्ये सहा वर्षं खाऱ्या वाऱ्यात उभी. तपासणी करणारा नेव्हिल हा मोठा खडूस माणूस. त्यानं दारांखालून जाणाऱ्या लांब पेटीवर, म्हणजे गाडीचा उंबराच म्हणा, स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. दुसऱ्या बाजूलाही तेच. सगळी गाडी ज्याच्या जोरावर उभी, तोच भाग गंजानं खाल्लेला. नेव्हिलनं कागदावर फुली मारली. "शुक्रवारी तीन वाजता परत आणा. नीट जोडून आणा. पुट्टी फासून आणलीत तर मला कळतं."

"पत्र्याचं तर काम," रॅल्फ म्हणाला. "चहा निवायच्या आत होईल."

मंगळवारी सकाळी त्यानं घरामागच्या गल्लीत गाडी लावली, आपलं विजेवरचं वेल्डिंगचं मशीन काढलं, चामड्याचं जाकीट चढवलं. किती महिन्यांनी अंगावर ते जाकीट आलं होतं, चालसुद्धा बदलली गड्याची. शेजारीपाजारी भिंतींवर टेकून उभे राहिले. रॅल्फनं गंजका भाग कापला, नवी पट्टी लावली, तोंडावर मुखवटा ओढला आणि पहिला टाका घातला.

पत्र्याला नाण्याएवढं भोक पडलं.

त्यानं मशीनचा जोर कमी केला, पुन्हा टेकवलं. भोक बशीएवढं झालं. दुपारपर्यंत नव्या पट्टीची चाळण झाली होती, आणि भंगारवाला डगी भिंतीवर कोपर टेकून म्हणत होता, "रॅल्फ, खालून पण खिडकी बसवतोयस का? छान हवा येईल."

"तुझ्या तोंडाला बसवू का झाकण?" रॅल्फ म्हणाला, पण आवाजात नेहमीचा दम नव्हता.

आता यात रॅल्फचा तरी काय दोष. जहाजाचा पत्रा बोटभर जाड. तिथं उष्णता ओतावी लागते, थांबावं लागतं, भरावं लागतं. घाई केलीत तर टाका वरच्यावर बसतो आणि समुद्रात सुटतो. एकतीस वर्षं त्याचा हात थांबायला शिकला होता. आणि हा पत्रा नखाएवढा पातळ, इथं थांबलात की संपलात. थांबायला शिकलेला हात दोन दिवसांत पळायला शिकतो थोडाच.

बुधवारीही तीच गत. दिवसभर झगडून त्यानं एकच तुकडा बसवला, डाव्या बाजूला अगदी मागे. तो बसला होता हे खरं, पण दिसायला गाठ आल्यासारखा, ओबडधोबड. मॅव्हिस पावात हॅम घालून बाहेर घेऊन आली. वाकून बघितलं तिनं. बराच वेळ बघितलं.

"रॅल्फ, तू फार वेळ थांबतोस एका जागी."

"तू डबे करायचीस, मॅव्हिस. मी जहाजं केलीत."

ती ताटली ठेवून आत गेली.

या डब्यांची गोष्ट अशी. लग्नाआधी मॅव्हिस नऊ वर्षं एका कारखान्यात मोटारसायकलींच्या पेट्रोलच्या टाक्या जोडायची. गॅसच्या बत्तीनं, म्हणजे वेल्डिंगच्या ज्योतीनं, पातळ पत्र्यावर. क्लबात कुणी विचारलं, तर रॅल्फ ग्लास उचलून सांगायचा, "मी जहाजं जोडतो, आमची ही डबे जोडायची." सगळे हसायचे. मॅव्हिसही हसायची. सत्तावीस वर्षं हा एकच विनोद चालला होता, आणि तो शिळा झालाय हे रॅल्फला कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी चहा घेताना रॅल्फ कपात बघत म्हणाला, "जाळी लावतो आणि वरून पुट्टी भरतो. घासून रंग दिला की नेव्हिलच्या बापाला कळणार नाही."

मॅव्हिसनं कप खाली ठेवला. "त्या गाडीत मी बसणार आहे. डिसेंबरात, बर्फात, डोंगराच्या त्या उतारावरून. नोकरी गेली तर गेली, पण पुट्टीवर मी बसणार नाही."

"मग काय करू? तूच सांग." चिडून म्हणायला गेला, पण ते विनवणीसारखं बाहेर पडलं.

"उद्या सकाळी डगीकडून गॅसची नळकांडी आणि बत्ती आण. आणि तुझं जाकीट मला लागेल."

गुरुवारी गल्लीत आदल्या दोन दिवसांपेक्षा जास्त माणसं होती, असल्या बातम्या काय लपून राहतात. मॅव्हिसनं डोक्याला रुमाल बांधला, काळा चष्मा कपाळावर चढवला. जाकिटाच्या बाह्या दोनदा दुमडाव्या लागल्या. डगीनं नळकांडी ढकलत आणली आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मॅव्हिसनं नुसतं बघितलं. त्यानं तोंड मिटलं.

रॅल्फची चाळण झालेली पट्टी तिनं आधी सगळी कापायला लावली. मागची गाठ तेवढी राहिली.

"उजवीकडचंही कापायचंय," ती म्हणाली. "दोन्ही उंबरे एकदम गेले तर गाडी मधून बसेल का रे?"

हे मात्र रॅल्फला येत होतं. "बसेल. मग दारं लागायची नाहीत जन्मात. एका वेळी एकच बाजू कापू, दारं लावलेलीच ठेवू, आणि खालून मी टेकू देतो." आणि त्यानं टेकू दिले ते असे, की जणू वर दहा हजार टनांचं जहाज उभं आहे. लाकडाची एकेक पाचर ठोकून, मागे सरून, एक डोळा मिटून बघितली. मॅव्हिस वाट बघत उभी राहिली, एकदाही घाई केली नाही.

मग पट्ट्या. पहिली त्यानं कापून आणली, तिनं फटीत स्वयंपाकघरातली सुरी घातली. सुरी गेली. "परत." दुसरीतही गेली. "परत." पंचवीस माणसांच्या टोळीवर हुकूम चालवलेला माणूस, कानशिलं लाल झाली त्याची, पण गेला आणि कानशीनं घासून तिसरी घेऊन आला. सुरी अडली. "आता कसं," मॅव्हिस म्हणाली. रॅल्फला शाळेत शाबासकी मिळाल्यासारखं झालं. स्वतःचाच राग आला त्याला, पण झालं खरं.

गालिचे काढलेले, पेट्रोलची टाकी उतरवलेली, पाण्याची बादली शेजारी. मॅव्हिसनं चष्मा डोळ्यांवर घेतला आणि बत्ती पेटवली. आधी पिवळी, मग निळी, मग टोकाला तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी ज्योत. ती गुडघ्यांवर बसली. आणि अठ्ठावीस वर्षं बत्तीला हात न लावलेल्या बाईनं पहिला टाका घातला आणि हात उचलून घेतला. भोक नाही. मसुराच्या डाळीएवढा एक चकचकीत ठिपका.

दुसरा ती शेजारी घालेल असं रॅल्फला वाटलं. ती उठली आणि पार दुसऱ्या टोकाला गेली. तिसरा मधोमध. प्रत्येक टाक्यावर ओलं फडकं दाबायचं आणि दुसरीकडे जायचं.

"पत्रा तापला की रुसतो," खाली बघतच ती म्हणाली. "एकाच ठिकाणी बसलं की तोंड वाकडं करतो. सगळीकडे थोडं थोडं बोलावं लागतं त्याच्याशी."

टाके जवळजवळ येत गेले, मग तिनं ते एकमेकांना जोडायला घेतले. डाव्या हातात वितळवून भरायची सळी, उजव्यात बत्ती. मनगट इवलंसं फिरायचं, सळी टेकायची, ज्योत सरकायची, पुन्हा मनगट. मागे उरत होती ती रेघ करंजीच्या काठाला घातलेल्या मुरडीसारखी, एक दाणा इकडे नाही, एक तिकडे नाही. भिंतीला टेकलेली माणसं पुढे सरकली होती.

रॅल्फनं चांगले वेल्डर बघितले होते. त्यातला एक तो स्वतः होता, आणि ते त्याला माहीत होतं. म्हणून तर तो काय बघतोय हे गल्लीत त्याच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. क्षणभर त्याला हेवा वाटला. मग तो हेवा कुठे गेला कुणास ठाऊक. त्या इवल्या मनगटावरून त्याची नजर हलेना. याच मनगटावर भाजल्याचा एक पांढरा डाग होता, सत्तावीस वर्षं तो रोज बघत होता, आणि हा कशाचा गं, असं त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. त्याला फार लाज वाटली. आणि त्या लाजेपेक्षाही मोठा अभिमान वाटला, गोदीतून त्याचं पहिलं जहाज पाण्यात उतरलं तेव्हा वाटला होता तसा.

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?" उजवी बाजू संपल्यावर त्यानं विचारलं.

"काय बोलू? तू क्लबात सांगत होतासच की." ती हसली नाही, रागावलीही नाही. बत्ती विझवून बोटं चोळत बसली. "खडू आहे का घरात? आणि थोडं रॉकेल."

रॅल्फ चमकला. गोदीत जहाजाचा सांधा असाच तपासायचे. बाहेरून खडू फासायचा, आतून रॉकेल सोडायचं. केसाएवढी जरी फट असली, तरी खडू काळा पडतो.

"हे तर आमच्याकडचं," तो म्हणाला.

"आमच्याकडचंही हेच. आधी पाण्यात बुडवून बुडबुडे बघायचे, शंका आली तर खडू. एक टाकी परत आली की दिवसाची मजुरी कापायचे."

पत्रा पार थंड झाल्यावर दोघांनी मिळून खडू फासला, ती डावीकडून, तो उजवीकडून. रॉकेल सोडून वाट बघत बसले, जाड कपातला चहा पीत. खडू पांढराच राहिला. मॅव्हिस मागे जाऊन रॅल्फच्या त्या गाठीपाशी वाकली.

"ती काढून टाक," रॅल्फ म्हणाला. "वेळ आहे अजून."

"कशाला? कुरूप आहे, पण गळत नाही. राहू दे." आणि रंगाचा डबा घेऊन आलेल्या डगीला तिनं परत पाठवलं. "रंग नाही लावायचा. काम उघडं दाखवायचं."

शुक्रवारी तीन वाजता नेव्हिलनं गाडी उचलायच्या यंत्रावर चढवली. खाली शिरून छोटी हातोडी वाजवत चालला. टक, टक, टक, सगळीकडे एकच भरीव आवाज. मग हातोडी थांबली. त्यानं दिवा जवळ आणला, सांध्यावरून अंगठा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. खडूस माणूस, पण कामाला काम म्हणणारा. त्यानं आपल्या दोन्ही मेकॅनिकना हाक मारली.

"या रे इकडे. बघून घ्या, पुन्हा दिसायचं नाही. एकतीस वर्षं जहाजांवर घालवल्याशिवाय असा हात बसत नाही. रॅल्फ, गोदीवाल्यांनी सोनं फेकून दिलं बघ."

मॅव्हिस दाराशी पर्स धरून उभी होती. ती खाली बघत होती. ती बोलणार नव्हती, हे रॅल्फला पक्कं ठाऊक होतं. आज नाही, घरी जाताना नाही, कधीच नाही. हे बक्षीस ती त्याला देऊन टाकत होती. आणि देवाशपथ सांगतो, त्याला ते हवंसं वाटलं. डिसेंबरापासून त्याच्याबद्दल कुणी एक चांगला शब्द काढला नव्हता.

नेव्हिलचा दिवा सरकत मागे गेला. "आणि हे काय? हा गोळा कुणी लावला?"

"तो माझा," रॅल्फ म्हणाला.

"मग बाकीचं?"

"बाकीचं सगळं हिचं." आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला, मेकॅनिकांनी मान वळवली. "मॅव्हिसचं. पेट्रोलच्या टाक्या जोडायची ही, नऊ वर्षं. मी डबे म्हणायचो. डबे नव्हते ते."

नेव्हिल गाडीखालून बाहेर आला, हात चिंध्यांना पुसले, टोपी काढली आणि मॅव्हिससमोर जाऊन उभा राहिला. "बाई, कागद तुमच्या नावानं करतो. पण त्या गोळ्याचं काय करू? तसलं काम मी पास करत नसतो."

मॅव्हिसनं मान वर केली. डोळे भरले होते तिचे, पण आवाज खणखणीत होता.

"ते गळत नाही. मी स्वतः तपासलंय."

नेव्हिलनं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा रॅल्फकडे. मग परत खाली शिरून त्या गाठीवर दोनदा हातोडी मारली, बाहेर येऊन कागदावर सही केली आणि तो तिच्या हातात दिला.