एका घरात दोन मतपत्रिका

निकानोरची नोकरी गिल्बेर्तो साल्दान्याने घालवली असं सगळी वस्ती म्हणते. खोटं आहे. ती मी घालवली, माझ्या हुशारीने.

टेक्सासच्या या टोकाला, नदीच्या अलीकडे, आमच्या काउंटीत मालक चारच: काउंटी, शाळा, तुरुंग आणि सीमेवरचे पहारेकरी. बाकी नुसते कांदे आणि कलिंगडं. या चारांपैकी कुठे चिकटायचं तर निवडून आलेला कुणीतरी आपला पाहिजे. टीव्हीवर टाय लावलेली माणसं नकाशा दाखवून विचारतात, हे हिस्पॅनिक मतदार एकदम हत्तीकडे, म्हणजे रिपब्लिकनांकडे, कसे काय झुकले? झुकले म्हणे. अरे, ज्याच्या हातात रस्त्याचं खातं त्याच्यापुढे आम्ही पन्नास वर्षं झुकतोय. तेव्हा त्याच्या फलकावर डेमोक्रॅटांच्या गाढवाचं चित्र होतं, म्हणून तुम्हाला आमची पाठ दिसली नाही.

माझा नवरा निकानोर त्याच रस्ते खात्यात एकोणीस वर्षं ग्रेडर, रस्ता सपाट करणारं मशीन, चालवायचा. मातीचा रस्ता असा ओढायचा की पाणी बरोबर दोन्ही कडांना उतरायचं, मधे थेंब थांबायचा नाही. पण आमचा जीव अडकला होता विम्यात. मिरेया, आमची एकुलती एक, वीस वर्षांची. नवव्या वर्षापासून तिला इन्सुलिन लागतं. बापाची नोकरी आहे तोवर विमा, विमा आहे तोवर औषध.

आता माझी हुशारी ऐका. आमच्याकडे मत कुणाला दिलं ते गुप्त असतं. पण मार्चमध्ये पक्ष मतदान घेऊन आपापले उमेदवार ठरवतात, तेव्हा टेबलापाशी तोंडाने मागावं लागतं, गाढवाची मतपत्रिका द्या किंवा हत्तीची द्या. ते कागदावर चढतं, आणि तो कागद मागेल त्याला मिळतो. आमच्या काउंटीत बायबल नसलेलं घर सापडेल, ही यादी नसलेला पुढारी सापडणार नाही.

गेल्या वर्षी गाढवाकडून आबेलार्दो लोंगोरिया होता, बारा वर्षं रस्ते खात्याचा मालक. त्याच्याविरुद्ध हत्तीकडून उभा राहिला गिल्बेर्तो, त्याच्याच बहिणीचा जावई. दोघांच्या पार्टीत बोकड एकाच माणसाकडून यायचा. कोण येणार याचा कुणालाच अंदाज नव्हता. मग मी स्वयंपाकघरात निकानोरला म्हटलं, "हे बघ, तू गाढवाची माग, मी हत्तीची मागते. कुणीही येऊ दे, घरातलं एक नाव बरोबर यादीत असेल."

"आणि दुसरं नाव?"

"दुसऱ्या नावाकडे कोण बघतं?"

निकानोरने मक्याची टॉर्टिया मोडली. "ओदिलिया, देवाला फसवता येईल. लोंगोरियाच्या मुकादमाला नाही."

"तुला मशीन चालवता येतं ना, मग ते चालव. हे मला कळतं."

मला कळायचंच. दहा वर्षं मी वस्तीतल्या म्हाताऱ्यांना माझ्या व्हॅनमधून मतदानाला नेत आले. एर्मेलिंदाच्या हाताखाली. ती मिरेयाची धर्ममाता, म्हणजे माझी कोमाद्रे, सख्ख्या बहिणीपेक्षा जवळचं नातं. आधी दोघी मिळून गाढवाची मतं गोळा करायचो. त्या वर्षी ती अख्खी हत्तीकडे गेली. मी अर्धी गेले. चूक तिथेच झाली.

एप्रिलमध्ये लोंगोरियाच्या मुकादमाने यादी वाचली. निकानोरला ग्रेडरवरून उतरवून रस्त्यात मेलेली कुत्री उचलायला लावलं. "बायको हत्तीवर बसते, तू पायी चाल," एवढंच बोलला. अख्खा उन्हाळा निकानोर अंगाला वास घेऊन घरी आला, पण विमा होता. नोव्हेंबरात गिल्बेर्तो एकसष्ट मतांनी आला. मी चर्चमध्ये मेणबत्ती लावली. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निकानोरला काढलं.

मी गिल्बेर्तोच्या कार्यालयात गेले. लहानपणी आम्ही एकाच कालव्यात पोहलोय. त्याने खुर्ची दिली, कॉफी दिली, मिरेयाची चौकशी केली. मग यादी काढली आणि आमच्या पत्त्यावर बोट ठेवलं.

"निकानोर, गाढव. ओदिलिया, हत्ती. तुमच्या घरात काय सीमा आखली आहे का गं? स्वयंपाकघरातून झोपायच्या खोलीत जायला पासपोर्ट लागतो?"

"गिल्बेर्तो, मी तुझीच मागितली होती."

"तू मागितलीस, पण नोकरी त्याची आहे. तू माझ्याकडे नोकरीला असतीस तर आज तुला काढलं नसतं." तो हसलासुद्धा नाही. "जो दोन्हीकडे जेवतो त्याला कुणी घरचा म्हणत नाही."

"काल-परवापर्यंत तूही गाढवच होतास."

"हो. पण मी पूर्ण गेलो."



विमा महिनाअखेरीस संपला. काय काय केलं ते सांगत बसत नाही. निकानोर कांद्याच्या शेडवर उभा राहिला, एकावन्नाव्या वर्षी, विशीतल्या पोरांच्या रांगेत. तिथे विमा नाही. मी पुलापलीकडे मेक्सिकोत जाऊन औषध आणलं. दुसऱ्या वेळी तिथे गोळीबार चालू होता, पूल बंद. मिरेया न सांगता कमी घ्यायला लागली. आम्हाला वाटलं, पोर अभ्यासाने थकली. मार्चच्या शेवटी ती न्हाणीघरात पडलेली सापडली, तोंडाला कुजलेल्या फळासारखा वास. दवाखान्यात चार दिवस होती. शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "मम्मा, मी हिशोबाने घेत होते." मी तिच्यावर ओरडले. काय करणार, दुसरं ओरडायला कुणी समोर नव्हतं.

तिथूनच थेट एर्मेलिंदाच्या घरी गेले. ती अंगणात खुर्च्या धूत होती.

"कोमाद्रे, तुझी मुलगी मरतेय."

तिने पाइप खाली टाकला. रडली, खरं रडली. मला मिठी मारली. मग डोळे पुसून खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, "मे महिन्यात शाळा मंडळाची निवडणूक आहे. गिल्बेर्तोचा भाऊ उभा आहे. तुझे म्हातारे किती?"

"चौदा. कान्देलारिया गेली, आता तेरा."

"ते तेरा आण. निकानोरचं मी बोलते."

"ती लोंगोरियाची माणसं आहेत, एर्मेलिंदा. त्याने त्यांच्या वस्तीत पाण्याची लाइन आणली."

"ती तुझी माणसं आहेत. लोंगोरियाला त्यांची नावं तरी माहीत आहेत का?"

खरं होतं ते. नावं मलाच माहीत होती. कुणाला कुठली गोळी चालते, कुणाच्या कुत्र्याला घाबरायचं, कुणाला व्हॅनमध्ये पुढे बसवलं नाही तर उलटी होते, सगळं मलाच माहीत होतं.

मे महिन्यात मी व्हॅन काढली. पहिल्या फेरीत क्रिसोफोरोबाबा. चौऱ्याऐंशी वर्षांचा, आयुष्यभर दुसऱ्याच्या शेताला पाणी दिलं, आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मतदान असलं की इस्त्रीचा शर्ट घालून पहाटेपासून ओट्यावर बसतो. तरुणपणी मत द्यायला कर भरावा लागायचा, त्याची पावती अजून पाकिटात ठेवतो.

"मिरेया कशी आहे गं?"

"बरी आहे, बाबा."

"निकानोरने आमचा रस्ता ओढला होता तसा आता कुणी ओढत नाही. नवीन पोरगा येतो, त्याला उतार कळत नाही. माझ्या दारात तळं होतं."

मी रेडिओ मोठा केला.

शाळेच्या ग्रंथालयात यंत्रं मांडली होती. बाबाला दिसत नाही म्हणून सोबत माणूस चालतो, पण त्या माणसाला हात वर करून शपथ घ्यावी लागते: मतदार सांगेल तसंच करीन, त्याला काही सुचवणार नाही. दहा वर्षांत ही शपथ मी शेकडो वेळा घेतली असेल, आणि माझा विश्वास नसेल बसत तर बसू नका, पण कधी मोडली नव्हती. कुणाची मतं मिळणार हे आधीच ठरलेलं असायचं, सुचवायची गरजच पडायची नाही. त्या दिवशीही हात वर केला. टेबलामागची बाई पेन शोधत होती, तिने वर बघितलंही नाही.

यंत्रापाशी बाबाने टोपी काढली. मतदानाला तो टोपी काढतो, चर्चमध्ये काढतो तशी.

"आपला माणूस कुठला गं, पोरी?"

आपला माणूस. उत्तर मला ठाऊक होतं आणि त्यालाही ठाऊक होतं, त्याला फक्त जागा विचारायची होती. लोंगोरियाचा उमेदवार वरून दुसरा. मी त्याचा हात हातात घेतला. बोट जाड, नख फुटलेलं. ते मी वरून चौथ्या, गिल्बेर्तोच्या भावाच्या नावावर ठेवलं आणि दाबलं.

"झालं?"

"झालं, बाबा."

"लोंगोरियाला सांग, क्रिसोफोरो आला होता."

उरलेले बारा, कुणाला दिसत नाही, कुणाला वाचता येत नाही, मी दुपारपर्यंत उरकले. सात जणांनी विचारलं, पाच जणांनी विचारलंही नाही, हातच पुढे केला.

गिल्बेर्तोचा भाऊ नऊ मतांनी आला.

पुढच्या सोमवारी निकानोरला फोन आला. रस्त्याच्या कामावर झेंडा धरून गाड्या थांबवायच्या. हंगामी, विम्याशिवाय. मी एर्मेलिंदाच्या दारात गेले तेव्हा ती मला आत घेईना, उंबऱ्यातच बोलली.

"अगं, एवढ्या लवकर कायम कसं करतील? लोक बोलतील. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात मोठी निवडणूक आहे. तेव्हा तेरा आण, मग विम्याचं बघू."

"मिरेया नोव्हेंबरापर्यंत कशी राहील?"

"प्रार्थना कर. मीही करते."

घरी आले. मिरेया टेबलाशी बसून पोटाला सुई टोचत होती, बाटली उजेडाकडे धरून रेघ बघत. निकानोर दारात बूट काढत होता. त्याने विचारलं, "काय म्हणाली?"

"होईल म्हणाली."

मग फोन घेतला आणि क्रिसोफोरोबाबाच्या सुनेला लावला. मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं म्हणत होती ती, पैसे जमवत होती. मी तिला म्हटलं, घाई करू नकोस, या वयात डोळ्याला हात लावू नये, पुढच्या वर्षी नोव्हेंबरनंतर बघू.