कोनाड्यातली वाटी

शनिवारची अर्धी शाळा सुटली होती. विज्ञान शिकवणारा कृष्णात प्रयोगाच्या खोलीत काचेची भांडी पुसून कपाटात लावत होता. चित्रकलेचे मास्तर मीरासाब मुलाणी खिडकीशी बसून त्याच्यासाठी एक आकृती काढत होते. आकृतीत तराजू होता. एका पारड्यात कुणी शिवून विटाळलेले पाणी होते, दुसऱ्यात न शिवलेले, आणि काटा बरोबर मध्ये होता. सोमवारी वाचनमंडळात कृष्णातचे व्याख्यान होते. विटाळाला वजन नाही, रंग नाही, सूक्ष्मदर्शकाखाली आकारही नाही, हे तो त्यात सप्रमाण मांडणार होता. संस्थानच्या दरबाराने शाळा आणि वसतिगृहे सर्व जातींना उघडली होती; आता माणसांची मनेही प्रमाणे देऊन उघडता येतील, अशी त्याची खात्री होती.

"मीरासाब, उद्या दुपारी घरात जेवू नको," तो म्हणाला. "गंगावेशीच्या मागच्या बोळात एक खाणावळ घावलीया. अंबूबाई म्हणून एक बाई चालवती. तांबडा रस्सा कुठंबी मिळंल, पर तिचा पांढरा! वाटी तोंडाला लावलीस की बोलणं बंद."

"तुझं बोलणं बंद व्हतंय म्हंजे जाऊन बघाय पायजे." मीरासाबनी कुंचला पाण्यात बुडवला. "पंगत कुणाची बसती तिथं?"

"माणसांची."

उत्तर कृष्णातला स्वतःलाच फार आवडले. मीरासाबनी पुढे काही विचारले नाही. त्यांनी पारड्याची दोरी रेखली आणि कागद वाळत ठेवला.

दोघे कागलच्या शाळेत एकाच बाकावर बसून शिकले होते. मीरासाबच्या घराकडे मुलाणकी, म्हणजे बकरे हलाल करण्याचे वतन, होती. थोरले भाऊ गैबी ती चालवत आणि शहरातल्या पेठांतही मराठ्यांच्या घरी बकरे कापायचे झाले की त्यांनाच बोलावणे जाई. मीरासाबनी सुरीऐवजी कुंचला धरला आणि आई खैरुनबीला घेऊन ते शहरात बिऱ्हाड करून राहिले.

रविवारी दुपारी दोघे खाणावळीशी पोहोचले. पुढच्या ओसरीवजा सोप्यात अंबूबाईचा दीर हंबीरराव मांडीवर पानाचा डबा घेऊन बसला होता.

"या की मास्तर! आज जोडीनं? पावणं कुठलं म्हनायचं?"

"हे मीरासाब मास्तर. आमच्याच शाळेत चित्रकला शिकवतात."

हंबीररावाचा चुन्याचा हात थांबला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तिरस्कारही नव्हता. रोजची एखादी वस्तू तिच्या जागी ठेवणाऱ्या माणसाइतका तो निर्विकार होता.

"आस्सं. मग मास्तर, तुम्ही आत चला. पावण्यास्नी हितंच सोप्यात वाढतो. कसं?"

कृष्णातने तोंड उघडले. पण तेवढ्यात मीरासाबनी चपला काढल्या, सोप्याच्या टोकाशी गेले आणि भिंतीतल्या कोनाड्यातून एक पितळी थाळी काढून घेतली. त्यांना ती शोधावी लागली नाही.

तो कोनाडा कृष्णातने मागच्या खेपांनाही पाहिला होता. आधी निरीक्षण करा, मग अनुमान काढा, असे मुलांना सांगणाऱ्या या माणसाने तिथे निरीक्षण केले होते आणि अनुमान मात्र टाळले होते.

"जा तू," मीरासाब म्हणाले. "रस्सा निवंल."

आता वाद घातला तर मीरासाबलाच संकोच होईल, असा विचार कृष्णातच्या मनात आला. विचार सोयीचा होता, म्हणूनच इतक्या लवकर आला. तो आत गेला.

आत पंगत भरली होती. गूळबाजारातला दलाल केरबा त्याच्या शेजारी होता. अंबूबाईने गरम भाकरी वाढली, एका वाटीत तांबडा, दुसरीत पांढरा रस्सा ओतला.

"वैनी, मटान काय लुसलुशीत हाय!" केरबा म्हणाला. "बकरं कापणारा हात कुणाचा ह्यो?"

"गैबी मुलाण्याचा. दुसऱ्या कुणाचा असणार? त्येनं सुरी धरल्याबिगर आमच्यात बकरं चुलीवर चढत न्हाय. आमच्या आत्याबाई तर म्हनायच्या, त्येच्या हातचं नसंल तर त्ये खाणंच न्हवं."

पंगत हसली. कृष्णातच्या हातातला घास तिथेच थांबला. गैबीच्या हातचे बकरे या माजघरात चुलीपर्यंत येत होते आणि गैबीचा सख्खा भाऊ उंबऱ्याबाहेर बसला होता. ही विसंगती इतकी उघडी होती की चौथीतल्या मुलानेही ती दाखवली असती. ती दाखवायला एक वाक्य पुरेसे होते.

त्याने घास तोंडात घातला. घास रुचकर लागला, आणि नंतर त्याला सर्वांत जास्त टोचत राहिले ते हेच. त्याने पांढरा रस्सा पुन्हा मागून घेतला.

तो बाहेर आला तेव्हा मीरासाब पायरीखाली उकिडवे बसून राखेने थाळी घासत होते. हंबीरराव वरून, हात लांब ठेवून, पाण्याची धार सोडत होता. थाळीची कल्हई कधीच उडून गेली होती. अशा पितळेत आंबट पदार्थ ठेवला की त्यावर विषारी हिरवा थर चढतो, हे कृष्णात दर वर्षी शिकवत असे. विटाळाला वजन नव्हते, पण या थाळीतल्या विषाला होते, आणि ते रोज कोणाच्या पोटात जात होते हे आता त्याला दिसत होते.

दोघे बोळाच्या टोकाशी आले. कृष्णातने विचारले, "पांढरा कसा वाटला?"

प्रश्न तोंडातून सुटताच तो विचारायला नको होता, हे त्याला कळले.

"मिळाला न्हाय," मीरासाब सहज म्हणाले. "कोनाड्यात वाटी एकच हाय. हंबीररावानं इच्चारलं, कुठला वाढू? म्हटलं, तांबडा वाढा. त्यो कुठंबी मिळतो म्हनालास न्हवं? म्हंजे आपली वळख तरी हाय त्येच्याशी."

ते हसले. कृष्णातला हसता आले नाही.

"तू मला आदुगर का सांगितलं न्हाईस?"

"काय सांगायचं? माणसांची पंगत हाय म्हनून तूच सांगितलंस. म्हटलं, एक डाव बघूया. एक सांगू? थाळीचं मला काय वाटलं न्हाय. तिची सवय हाय. तू मागं वळून बघशील असं वाटलं हुतं, तेवढंच."

सोमवारचे व्याख्यान झाले नाही. मंडळाच्या चिटणीसांना कृष्णातने प्रकृतीचे कारण कळवले; ते खोटे होते आणि तेही त्याला लागून राहिले. तराजूची आकृती टेबलावर तशीच पडून होती. त्यातला काटा मध्ये होता तो मीरासाबनी तसा काढला म्हणून.

पुढच्या रविवारी पंगत ऐन भरात असताना तो एकटाच खाणावळीत गेला. त्याने कोनाड्यातली थाळी काढली, ती एक वाटी काढली आणि सोप्यात बसला.

हंबीरराव ताडकन उठला. "आवं मास्तर, काय करतायसा! ती थाळी त्यांची हाय!"

"माहीत आहे. मला यात वाढा. नाहीतर पुढच्या वेळी मीरासाबना आत माझ्या शेजारी वाढा. दोन्हीपैकी काहीही चालेल."

गलका ऐकून अंबूबाई दारात आली. मागून केरबा हात न धुताच आला.

"मास्तर, उठा बगू," अंबूबाई काकुळतीने म्हणाली. "त्या थाळीत तुमास्नी वाढलं तर उद्या माझी पंगत बसंल व्हय? मालक गेल्यापासनं ह्या चुलीवर घर चाललंय माझं."

"वहिनी, गैबीचा हात चालतो. गैबीचा भाऊ का नाही?"

अंबूबाईने पदर तोंडाला लावला आणि खाली पाहिले. उत्तर केरबाने दिले.

"मास्तर, आज लई बोलताय. त्या दिवशी आमच्या मांडीला मांडी लावून पांढरा मागून घेतलासा की! तवा का वाचा बसलीवती?"

पंगतीत हशा पिकला. कृष्णातच्या संग्रहात अनेक प्रमाणे होती. यावर एकही लागू पडेना.

"बसली होती," तो म्हणाला. "मी भ्यालो होतो. आत गेलो ती माझी चूक झाली."

हशा थांबला, पण थाळीत काही पडले नाही. बराच वेळ बसून त्याने ती रिकामी थाळी कोनाड्यात ठेवली आणि उपाशीच मीरासाबच्या घराची वाट धरली.

खैरुनबी ओट्यावर तांदूळ निवडत होती. तो दिसताच तिने नेहमीप्रमाणे आत जाऊन दोन केळी आणली. इतक्या वर्षांत या घरात त्याला केळी मिळाली होती, ओला नारळ मिळाला होता. शिजवलेले काही कधी पुढे आले नव्हते आणि त्यानेही कधी मागितले नव्हते. यालाच तो पाहुणचार समजत आला होता.

"मावशी, पाणी द्या."

खैरुनबी गडबडली. मग तिने भिंतीतल्या कोनाड्यावरचा स्वच्छ रुमाल बाजूला केला आणि एक तांब्या काढला. तो चिंचेने घासून सोन्यासारखा लखलखीत ठेवलेला होता.

"ह्यो तुझाच हाय बाबा. आमी कुनी शिवत न्हाय त्येला. शेजारच्या मराठ्याच्या शालूबाईकडनं भरून आनती. जरा दम खा."

कृष्णात त्या तांब्याकडे पाहत राहिला. इथेही कोनाडा होता. फरक इतकाच की तिथले भांडे अपमानाने काळे पडले होते आणि इथले आदराने उजळले होते. वर्षानुवर्षे ही म्हातारी त्याच्या तहानेसाठी एक भांडे घासत आली होती, आणि तिला ते घासायला लावणारा हंबीरराव दुसरा कोणी नव्हता, तो स्वतःच होता.

"हा नको, मावशी. मीरासाब पितो त्यातलं द्या."

"न्हाई रे बाबा. तुज्या आईला कळलं तर? मी काय सांगू तिला?"

"मी सांगेन."

मीरासाब दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी मदत केली नाही.

"दे आई," ते शेवटी म्हणाले. "आन् भाकरीबी वाढ. उपाशी दिसतोय."

रांजणातले पाणी पोचे पडलेल्या लोट्यातून आले. कृष्णात ते पूर्ण प्याला. ते पाण्यासारखेच लागले. त्याच्या मनावरचे ओझे काही त्याने हलके झाले नाही.

एका निरीक्षणाने काही सिद्ध होत नाही, हे तो वर्गात नेहमी सांगे. म्हणून पुढच्या रविवारी त्याने पुन्हा खाणावळीत जायचे ठरवले, आणि त्याच्याही पुढच्या रविवारी. वाढोत न वाढोत, सोप्यात बसायचे, त्याच थाळीसमोर.

"मीबी येऊ?" मीरासाबनी विचारले.

"नको. आधी मला बसू दे. तू खूप बसलास."